रापणीचा दोर ओढला की पडद्यावर जाळं सरकावं: आर्डुइनो आणि प्रोसेसिंगची जोडणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवणजवळच्या एका वाडीत सार्वजनिक गणपतीसमोर रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून दोन दोरांनी मोठं जाळं ओढण्याच्या मासेमारीचा, देखावा करायचा आहे. खरे दोन दोर बाहेर येतील आणि दर्शनाला आलेली माणसं ते ओढतील. ओढतील तसं मागच्या पडद्यावरचं जाळं किनाऱ्याकडे सरकेल, लाटांचा आवाज वाढेल आणि पायथ्याच्या एलईडी पट्टीत पाणी चमकेल. आर्डुइनो उनो (कोड घालून चालवायचा छोटा बोर्ड), दोन लोडसेल (ताण मोजणाऱ्या धातूच्या पट्ट्या), त्यांचा इशारा आकड्यांत बदलणारी दोन एचएक्स७११ मोड्यूल, १५० दिव्यांची डब्ल्यूएस२८१२बी एलईडी पट्टी, प्रोजेक्टर आणि प्रोसेसिंग (कोडने चित्र काढण्याचं सॉफ्टवेअर) घातलेला लॅपटॉप एवढं सामान जमलं आहे. टेबलावर सगळं चालतं. पण कधी पोर्ट, म्हणजे बोर्ड आणि लॅपटॉप बोलतात ती वाट, उघडत नाही, दोर ओढल्यावर चित्र सेकंद-दोन सेकंद मागून येतं, आणि दिवे लागले की वजनाचे आकडे भरकटतात.

तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, पण उपाय एकाच जागेपासून सुरू होतो. बोर्ड आणि लॅपटॉप एकमेकांना काय सांगणार, किती वेळा सांगणार आणि कुणाच्या पाळीने सांगणार, हे कोड लिहिण्याआधी कागदावर उतरवा. बोर्डाचं काम मोजण्याचं आणि दिवे पेटवण्याचं. पडद्यावर जाळं आहे हे त्याला कळायची गरज नाही. लॅपटॉपचं काम चित्राचं आणि आवाजाचं. ताण कोणत्या चिपने मोजला याच्याशी त्याला घेणं नाही. ही वाटणी पक्की असली की बिघाड कुठल्या बाजूला आहे ते पाच मिनिटांत सापडतं.

तुमच्या कामाला पुरेल असा संदेश सांगतो. बोर्डाने दर २५ मिलिसेकंदांनी एक ओळ पाठवायची: आधी ठरलेलं एक अक्षर, मग डाव्या दोराचा ताण, स्वल्पविराम, उजव्याचा ताण, स्वल्पविराम, एका बटणाची स्थिती ० किंवा १, आणि ओळ संपल्याची खूण. ताण किलोच्या दहाव्या भागात पूर्णांक म्हणून पाठवा, म्हणजे १२.४ किलोला १२४. दशांश चिन्हाची भानगडच नको. अशी ओळ साधारण १२ बाइटची होते. बॉड म्हणजे पाठवण्याचा वेग, सेकंदाला इतके बिट. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० बाइट जातात, कारण एका बाइटला पुढची-मागची खूण धरून १० बिट लागतात. म्हणजे ही एक ओळ जायला साडेबारा मिलिसेकंद खर्ची पडतात. ११५२०० ला तीच ओळ एका मिलिसेकंदात जाते, म्हणून दोन्हीकडे ११५२०० ठेवा. एका बाजूला जुना ९६०० राहिला तर आकड्यांऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसतात. ती दिसली की आधी बॉड बघा, वायरिंग नंतर.

आता चित्र मागून येण्याबद्दल. पहिला संशय एचएक्स७११ वर. बहुतेक तयार मोड्यूलमध्ये ही चिप सेकंदाला १० वाचनांवर बांधलेली असते. त्यात लायब्ररीबरोबर येणाऱ्या उदाहरणांमध्ये दहा वाचनांची सरासरी घेण्याचा प्रघात आहे. दहा वाचनं म्हणजे अख्खा एक सेकंद, आणि दोन मोड्यूल एकामागून एक वाचले की दोन सेकंद. तराजूला हे चालतं, दोर ओढणाऱ्या माणसाला नाही. शिवाय १० च्या वेगाला चिपला झटक्यानंतर स्थिरावायला ४०० मिलिसेकंद लागतात. चिपच्या १५ नंबरच्या पायाचं नाव रेट. तो ग्राउंडला असेल तर १० वाचनं, सप्लायला जोडला तर ८०. हिरव्या मोड्यूलवर हा पाय ग्राउंडच्या पट्टीला चिकटवलेला असतो. बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने तो गरम करून सुईने किंचित उचला आणि शेजारच्या १६ नंबरला, म्हणजे सप्लायच्या पायाला, सोल्डरचा थेंब देऊन जोडा. पाय तुटण्याची भीती खरी आहे, म्हणून मोड्यूल दोन लागणार असतील तर चार मागवा. ८० च्या वेगाला स्थिरावण्याचा वेळ ५० मिलिसेकंदांवर येतो. आकडे थोडे जास्त थरथरतात, पण ती थरथर लॅपटॉपवर सहज गुळगुळीत करता येते. बोर्डावर सरासरी घ्यायची झालीच तर दोन वाचनांची, त्याहून जास्त नको.

दुसरा संशय साचलेल्या ओळींवर. बोर्ड कसलीही उसंत न घेता ओळी पाठवत सुटला आणि प्रोसेसिंग प्रत्येक चित्राला एकच ओळ वाचत असेल, तर न वाचलेल्या ओळींची रांग वाढत जाते आणि पडद्यावर जुना ताण दिसत राहतो. सुरुवातीला ठीक, दहा मिनिटांनी जास्तच मागे, असं होत असेल तर हेच कारण. आलेल्या सगळ्या ओळी वाचा, शेवटची ठेवा, बाकीच्या फेका. दोराच्या बाबतीत पाव सेकंदापूर्वीच्या ताणाला काही किंमत नाही. प्रोसेसिंगमध्ये बफर-अन्टिल वापरून ओळीच्या खुणेपर्यंत थांबायला सांगा आणि सिरियल-इव्हेंट या फंक्शनमध्ये फक्त तीन व्हेरिएबल भरा. चित्र काढण्याचा एकही आदेश तिथे देऊ नका, कारण ते फंक्शन चित्राच्या धाग्याबाहेर वेगळं चालतं आणि मग चित्र मध्येच फाटतं.

त्याच फंक्शनमधल्या तीन खाचा आधीच बुजवून घ्या. पोर्ट उघडल्यावर येणारी पहिली ओळ बहुधा अर्धवट असते. तिचे तुकडे तीन भरले नाहीत आणि तुम्ही तिसरा मागितला, की चूक उसळते. प्रोसेसिंग मग सिरियल-इव्हेंट बंद केल्याचा निरोप खाली लाल अक्षरांत देऊन गप्प बसतं. पडदा चालू, जाळं ढिम्म. म्हणून पहिलं अक्षर आणि तुकड्यांची संख्या तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरी खाच ट्रिमची, म्हणजे ओळीच्या कडेची अदृश्य चिन्हं छाटण्याची. आर्डुइनोचं प्रिंट-लाइन ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं घालतं. त्यातलं एक शेवटच्या आकड्याला चिकटून राहिलं तर पूर्णांकात रूपांतर करताना प्रोसेसिंग बिनतक्रार शून्य देतं. तुमचं बटण कायम शून्यच दाखवत असेल तर ट्रिम राहिलाय असं समजा. तिसरी खाच जास्त फसवी. दशांश संख्येत रूपांतर करताना कचरा आला तर उत्तर ‘संख्या नाही’ असं मिळतं, आणि ते एकदा गुळगुळीत करण्याच्या सूत्रात शिरलं की पुढची प्रत्येक बेरीज तशीच होत जाते. कार्यक्रम बंद करून चालू करेपर्यंत जाळं गायब. आत घेण्यापूर्वी मूल्य ० ते ३०० च्या दरम्यान आहे का एवढं विचारलं की पुरे.

पोर्ट न उघडण्याचं सगळ्यात सामान्य कारण म्हणजे आर्डुइनोची सिरियल मॉनिटरची खिडकी उघडी असणं. एक पोर्ट एका वेळी एकच कार्यक्रम धरू शकतो. दुसरं कारण पोर्टचा क्रमांक. प्रोसेसिंगच्या उदाहरणात यादीतला पहिला पोर्ट घेतलेला असतो, आणि लॅपटॉपवर ब्लूटूथचे खोटे पोर्टही त्याच यादीत येतात. पोर्टचं नाव कोडमध्ये स्पष्ट लिहा आणि केबल नेहमी लॅपटॉपच्या त्याच भोकात लावा, म्हणजे विंडोज नवा क्रमांक देणार नाही. स्वस्त उनोवर सीएच३४० ही चिप असेल तर विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागू शकतो. लिनक्सवर तुमचं खातं डायलआउट गटात (पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या गटात) नसेल तर परवानगी नाकारली जाते. आणि केबल नीट तपासा. मोबाइल चार्ज करण्याच्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, पोर्ट मात्र दिसत नाही.

दोन्ही सॉफ्टवेअरच्या खिडक्या जवळपास सारख्या दिसतात त्यामुळे नवशिके एकाचा कोड दुसऱ्यात चिकटवतात. हे साम्य वंशातून आलेलं आहे. प्रोसेसिंग २००१ मध्ये एमआयटीत बेन फ्राय आणि केसी रीस यांनी सुरू केलं. त्याच्या धर्तीवर इटलीतल्या इव्रेया इथे एर्नांदो बारागान यांनी २००३ मध्ये वायरिंग उभं केलं, आणि तिथेच २००५ मध्ये आर्डुइनो आलं. तिघांचाही रोख एकच होता: चित्रकार, नेपथ्यकार, शिक्षक यांच्या हाती यंत्र द्यायचं. वाडीतल्या नेपथ्यासाठी ही जोडी निवडण्यात म्हणूनच काही वावगं नाही. मात्र प्रोसेसिंगचा कोड लॅपटॉपवर धावतो आणि आर्डुइनोचा चिपवर. दोघांत जाते ती फक्त ती ओळ.

उनोची एक खोड माहीत असायला हवी: लॅपटॉपवरून पोर्ट उघडला की बोर्ड रीसेट होतो आणि साधारण दोन सेकंद काही बोलत नाही. याचा तुमच्या देखाव्यावर थेट परिणाम होतो. लोडसेलचं शून्य धरण्याचं काम बहुतेक जण सेटअपमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू होताना एकदाच चालणाऱ्या भागात, ठेवतात. गर्दीत कुणी दोर ताणून धरला असताना कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, तर तोच ताण शून्य म्हणून नोंदवला जातो आणि नंतर सोडलेला दोर उणे ८ किलो दाखवतो. शून्य एकदा दोर मोकळे ठेवून धरा, ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवा आणि सुरू होताना तिथून वाचा. पुन्हा शून्य धरायला चौकटीच्या मागे वेगळं बटण द्या. दिवसभरात तापमानाबरोबर शून्य थोडं सरकतं. ताण सलग दहा सेकंद अर्ध्या किलोच्या आत राहिला तरच हळूहळू सुधारा. ओढणं चालू असताना कधीही नाही.

दिव्यांची गोष्ट सविस्तर सांगावी लागेल, कारण इथे दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. डब्ल्यूएस२८१२बीच्या एका दिव्याला माहिती द्यायला ३० मायक्रोसेकंद लागतात. १५० दिव्यांना साडेचार मिलिसेकंद. तेवढा वेळ उनो बाकी सगळ्याकडे पाठ फिरवतो, इंटरप्ट (चालू काम थांबवून दुसरीकडे लक्ष वेधणाऱ्या हाका) बंद असतात. ११५२०० बॉडला दर ८७ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येतो, म्हणजे साडेचार मिलिसेकंदांत पन्नासेक येऊ शकतात, आणि चिपच्या दारात दोन-तीनच मावतात. बाकीचे हरवतात. लॅपटॉप मनाला येईल तेव्हा रंग पाठवत असेल तर कधी अर्धा आदेश पोचतो, कधी लाटेच्या जागी लाल ठिपका उमटतो. बोर्डाचं मिलिस हे मिलिसेकंद मोजणारं घड्याळही या काळात मागे पडतं.

यावर पाळी लावून द्या. बोर्डाने दिवे पेटवून झाल्यावरच आपली ओळ पाठवायची. लॅपटॉपने ती ओळ मिळाल्यावरच उत्तर द्यायचं, आणि उत्तर फक्त दोन बाइटचं: एक प्रकार, एक तीव्रता. बोर्डाने उत्तर हातात पडल्यावर पुढचे दिवे पेटवायचे. १०० मिलिसेकंदांत उत्तर आलं नाही तर वाट न बघता पुढे जायचं, आणि सलग दोन सेकंद आलं नाही तर लॅपटॉप गेला असं समजून मंद निळी लाट आपणच चालू ठेवायची. प्रत्येक दिव्याचा रंग लॅपटॉपवरून पाठवायच्या फंदात पडू नका. ते ४५० बाइट होतात आणि तुम्हाला त्यातून काही जास्त मिळत नाही. लाटेचं गणित बोर्डावरच करा. पट्टीची मेमरी ४५० बाइट, उनोकडे २०४८ आहेत, जागा पुरते.

आकडे भरकटण्यामागे मात्र कोड नाही, वीज आहे. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअर घेतो. १५० दिवे म्हणजे ९ अँपिअर. उनोच्या ५ व्होल्टच्या पायातून ही पट्टी चालवली असेल तर आकडे भरकटणारच, आणि बोर्ड किंवा लॅपटॉपचा यूएसबी जायची वेळही येऊ शकते. पट्टीला स्वतंत्र ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (मेनची वीज ५ व्होल्टवर आणणारा डबा) द्या आणि उजळपणा कोडमध्येच ४० टक्क्यांवर बांधून टाका. समुद्राला निळा-हिरवा लागतो, पांढरा नाही. अंधाऱ्या मंडपात ४० टक्के भरपूर होतात आणि प्रवाह ४ अँपिअरच्या आत राहतो.

एसएमपीएसच्या वजा टोकापासून पट्टीला एक जाड तार आणि उनोच्या ग्राउंडला दुसरी, वेगळी. पट्टीचा परतीचा प्रवाह उनोच्या ग्राउंडमधून जाता कामा नये. तो गेला की दिव्यांच्या प्रत्येक उघडझापीबरोबर उनोचं शून्यच वर-खाली होतं, आणि लोडसेलचा इशारा काही मिलिव्होल्टचा असल्यामुळे सगळा मार त्यालाच बसतो. तारेची जाडीही महत्त्वाची: ३ मीटर लांब १ चौरस मिलिमीटरच्या तारेतून ४ अँपिअर नेले तर जाऊन-येऊन ०.४ व्होल्ट वाटेतच संपतात, अडीच चौरसच्या तारेत ०.१६. पट्टीला दोन्ही टोकांनी वीज द्या, नाहीतर शेवटचे दिवे पिवळट पडतात. सुरुवातीच्या टोकाला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, उलट-सुलट बघून. डेटाच्या तारेत पहिल्या दिव्याजवळ ३३० ओहमचा रेझिस्टर, आणि ती तार हातभरापेक्षा लांब नको. एचएक्स७११ लोडसेलच्या शेजारी बसवा, म्हणजे बारीक इशाऱ्याच्या तारा वीतभरच राहतील आणि लांबचा पल्ला आकडी इशारा कापेल. त्या तारा पट्टीच्या आणि मेनच्या वायरीशेजारून नेऊ नका.

दोराची बांधणी हा या देखाव्याचा खरा कणा आहे, आणि इथे घाई केलेली दिसते. २० किलोचा लोडसेल थेट दोराला बांधू नका. चतुर्थीला आलेले दोन चाकरमानी आणि त्यांची पोरं एकदम झटका देतील तो ताण क्षणभर कितीही चढू शकतो, आणि ॲल्युमिनियमची पट्टी एकदा वाकली की शून्य कायमचं हलतं. दोर, मग स्प्रिंग, मग लोडसेल, मग चौकट अशी साखळी करा. १५ किलोला १० सेंटिमीटर ताणली जाईल अशी स्प्रिंग घ्या. तिच्याबरोबर, दोरापासून थेट चौकटीपर्यंत, १० सेंटिमीटर ढिली सोडलेली लोखंडी साखळी बांधा. ताण १५ किलोवर गेला की साखळी ताठ होते आणि पुढचा सगळा भार चौकटीवर जातो, सेलवर नाही. हाताला दोर किंचित येतो आणि मग अडतो, तेही रापणीला शोभतं.

पट्टीच्या आकाराचा सेल एका टोकाला घट्ट बसवून दुसरं टोक मोकळं ठेवायचं असतं. मधे वॉशर घालून खाली फट ठेवा, कारण वाकायला जागा नसेल तर आकडा हलत नाही. ओढ सेलवरच्या बाणाच्या दिशेने. आकडा उलटा पडला तर पांढरी आणि हिरवी तार अदलाबदल करा. मापं धरायला पाच लिटर पाण्याचा कॅन उत्तम, पाच किलोला वेगळं वजन शोधायला नको. दोर आतून नायलॉनचा ठेवा. सुंभ दिसायला हवाच, पण तो वरून गुंडाळा. पावसाळी दमट हवेत काथ्या पाणी धरतो, आखडतो आणि शून्य ओढत नेतो.

चौकट लाकडी असावी आणि माणसाच्या हाताजवळ येणाऱ्या दोराच्या टप्प्यात धातू नको. ओल्या पायांनी, ओल्या दोराला हात लावून माणसं उभी राहणार आहेत. मंडपाच्या जोडणीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच, एसएमपीएसच्या अर्थच्या स्क्रूला तार हवीच, आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. यात तडजोड नको.

आता चित्राकडे. ताणाचा आकडा थेट जाळ्याच्या जागेला जोडण्याचा मोह होतो: १० किलो ओढलं की जाळं अर्ध्यावर, सोडलं की परत समुद्रात. ते रबर वाटतं. खऱ्या रापणीत ओढ ही वेग देते, जागा नाही. म्हणून ताणाने जाळ्याचा वेग ठरवा आणि दर लाटेला त्याला थोडं मागे जाऊ द्या. दोन किलोवर ओढ सुरू झाली असं माना आणि सव्वा किलोच्या खाली गेल्यावरच थांबली असं माना. एकच सीमा ठेवली तर जाळं तिथे थरथरत राहतं. गुळगुळीत करताना दर चित्राला फरकाचा १५ टक्के भाग पुढे सरका, आणि ताण उतरताना तो ५ टक्के करा. माशांनी जड झालेल्या जाळ्याचं वजन या छोट्या असमानतेतूनच जाणवतं.

तुमच्याकडे दोर दोन आहेत हे तर या कल्पनेचं सोनं आहे. रापणीला दोन्ही टोकांची माणसं मेळ राखून ओढतात, एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं येतं. दोन्ही वेगांतला फरक जाळ्याच्या कलाला जोडा, आणि कल एका मर्यादेपलीकडे गेला की कडेने मासे निसटताना दाखवा. डावीकडचे उजवीकडच्यांना आपोआप हाका मारू लागतील. त्यासाठी वेगळा सेन्सर लागत नाही.

जाळ्याचा व्हिडिओ करून तो ताणाप्रमाणे पुढे-मागे सरकवायचा विचार असेल तर सोडा. नेहमीच्या एमपी४ फाइलमध्ये अधूनमधूनच एखादं चित्र पूर्ण साठवलेलं असतं, बाकीची आधीच्या चित्रावरचे फरक असतात. मागे जाताना लॅपटॉपला प्रत्येक वेळी ते पुन्हा जुळवावं लागतं आणि गचके बसतात. त्यापेक्षा चित्रांची मालिका घ्या. १२८० बाय ७२० चं एक चित्र मेमरीत ३.७ मेगाबाइट घेतं, २०० चित्रं साधारण ७४० मेगाबाइट. प्रोसेसिंगच्या प्राधान्यांमध्ये मेमरीची मर्यादा तेवढी वाढवा, नाहीतर कार्यक्रम सुरू होतानाच पडेल. खरं तर मागे समुद्राचं एक स्थिर चित्र आणि त्यावर कोडने काढलेलं जाळं हे जास्त हलकं आणि जास्त सुंदर होतं.

आवाजासाठी प्रोसेसिंगची साउंड लायब्ररी पुरेल: लाटांचं एक ध्वनिमुद्रण फिरत ठेवा आणि ताणाने त्याची पातळी बदला. पातळी एकदम बदलू नका, टकटक ऐकू येते. लाटेचा आवाजच घडवायचा असेल, म्हणजे ओढीप्रमाणे तिचा पोत बदलावा असं वाटत असेल, तर प्युअर डेटा हे पेट्या जोडून आवाज घडवण्याचं सॉफ्टवेअर घ्या. पोर्ट मात्र प्रोसेसिंगकडेच राहू द्या. त्याने ओएससी-पी५ लायब्ररीने आकडे ओएससी या संदेशपद्धतीत बांधून त्याच लॅपटॉपवर यूडीपीने (नेटवर्कच्या साध्या निरोपांनी) पुढे ढकलायचे. प्युअर डेटात नेट-रिसीव्ह, ओएससी-पार्स, लिस्ट-ट्रिम आणि राउट या चार पेट्यांनी ते मिळतात. गोंगाटाची पेटी, तिच्यापुढे लो-पास गाळणी, आणि पातळीला लाइन-टिल्डेचा ५० मिलिसेकंदांचा उतार: एवढ्यात लाट उभी राहते. तरीही मंडळाच्या देखाव्याला दुसरा कार्यक्रम म्हणजे रात्री कुणीतरी चुकून बंद करण्याची दुसरी जागा. पर्याय असताना एकातच भागवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

संदेशातलं ते बटण आरतीसाठी आहे. आरती, भजन, फुगड्या सुरू झाल्या की एका दाबात आवाज तीन सेकंदांत शून्यावर यावा आणि दिवे स्थिर मंद व्हावेत. बटण बोर्डाच्या आतल्या पुल-अपवर (पाय एरवी १ वर धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरवर) चालवा, म्हणजे वेगळा रेझिस्टर लागत नाही. अशा जोडणीत दाबल्यावर ० येतो हे ध्यानात ठेवा. हे नसेल तर स्पीकरची पिन उपटली जाते, आणि मग ती परत कुठे लावायची हे कुणाला आठवत नाही.

लाईट जाणार हे धरूनच चला. लॅपटॉपची बॅटरी चालू राहते, उनोही यूएसबीवर जिवंत राहतो, पण एसएमपीएस मरतो. तेव्हा बोर्ड पट्टीला माहिती पाठवत राहिला तर पट्टीतल्या चिपा डेटाच्या तारेतून वीज ओढायला बघतात आणि पहिला दिवा जातो. एसएमपीएसचे ५ व्होल्ट १० किलोओहममधून उनोच्या एका पायाला द्या, आणि त्याच पायापासून ग्राउंडला १०० किलोओहम. तो पाय शून्य वाचू लागला की पट्टीशी बोलणं थांबवा आणि डेटाचा पाय खाली ठेवा. लॅपटॉपवर झोप बंद, झाकण मिटल्यावर काही न करणे, यूएसबीची वीजबचत बंद, अपडेट पुढे ढकललेले. तीन सेकंद ओळ आली नाही तर प्रोसेसिंगने स्वतः पोर्ट बंद करून दर दोन सेकंदांनी पुन्हा उघडून बघावा. केबल हलली तर माणूस धावायला नको. केबल ५ मीटरच्या आत. त्याहून लांब लॅपटॉप ठेवायचा असेल तर सक्रिय एक्स्टेन्शन घ्या किंवा मधे आरएस४८५ (लांब पल्ल्याची तारेची जोडणी) टाका. वायफायच्या नादी लागू नका. गर्दीतल्या शेकडो मोबाइलमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर तुमच्या ओळी वेळेवर येतील याची खात्री नसते.

खाऱ्या हवेचं म्हणाल तर ब्रेडबोर्ड मंडपात नेऊच नका. त्याच्या आतले चिमटे दमट हवेत काळवंडतात आणि दोर हलला की संपर्क तुटतो. लक्षण असं की बोर्डाला टिचकी मारली की आकडे सुधारतात. सगळं झीरो पीसीबीवर सोल्डर करा, बाहेर जाणाऱ्या तारांना स्क्रू टर्मिनल, उघड्या जोडांवर हीटश्रिंक. डबा झाकणाचा, तारा खालून आत, आणि आत शिरण्यापूर्वी प्रत्येक तारेला खाली झोळ, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळावरून गळून जाईल. सिलिका जेलच्या पुड्या आत टाका. सेलच्या ॲल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट बसतात, तिथे खारं पाणी लागलं की पांढरी पूड धरते. बोल्ट स्टेनलेसचे घ्या आणि ग्रीस लावा.

जोडणीचा क्रम चुकवू नका. आधी एक सेल आणि सिरियल मॉनिटर, पाण्याच्या कॅनने. मग दोन. मग प्रोसेसिंग, पण चित्र नाही, फक्त तीन आकडे पडद्यावर. मग चित्र, आणि दिवे सगळ्यात शेवटी. चित्र काढणाऱ्या पोरांना बोर्डाची वाट बघायला लावू नका: एक कळ दाबली की ताण दोराऐवजी माउसवरून येईल अशी सोय पहिल्याच दिवशी करा. ती शेवटपर्यंत ठेवा. ऐन सातव्या दिवशी एखादं मोड्यूल गेलं आणि नवं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायचं असेल, तर पडद्यामागे बसलेला कार्यकर्ता दोर ओढणाऱ्यांकडे बघत माउसने जाळं ओढू शकतो. सुट्या सामानात दोन एचएक्स७११, एक सेल, एक उनो (कोड घालून, चिकटपट्टीवर पोर्टचं नाव लिहून), एक यूएसबी केबल आणि पट्टीचा अर्धा मीटर तुकडा एवढं असलं की बहुतेक बिघाड जागेवर निघतात.

पहिल्या दिवसाआधी अख्खा संच सलग चार तास चालवा, प्रोजेक्टर आणि स्पीकर धरून. रोज रात्री दोर स्प्रिंगवरून सोडून ठेवा. ताणलेला सेल तासन्‌तास तसाच राहिला की धातू हळूहळू सरकतो, आणि सकाळी शून्य पुन्हा धरावं लागतं.